जिल्हा पोलिसांना चिलखती गाड्या अन् मिलिटरीसारखी हत्यारं पाहिजेत का? मराठवाड्यातल्या लोकांनी मत सांगा

माजलगावकर

रामराम मंडळी. मामाचा पोरगा टेक्सासला असतो, त्यानं परवा एक फोटो पाठवला. गाव लहानसंच, आपल्या परतूर-गेवराईपेक्षाही लहान असंल, आणि पोलीस स्टेशनच्या पार्किंगमधी मातकट रंगाची एवढी मोठी चिलखती गाडी उभी की शेजारची पोलिसांची साधी कार तिच्यापुढं खेळणं दिसायली. एमरॅप म्हणतात तिला. इराक-अफगाणिस्तानात रस्त्यात पेरलेल्या सुरुंगातून सैनिक वाचावेत म्हणून बनवलेली गाडी, नंतर सैन्याला जास्तीची झाली तर गावोगावच्या पोलिसांना देऊन टाकली.

फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला तर रात्रभर वाद. अर्धे म्हणायले की आपल्याकडं असली एक जरी गाडी असती तर ३० ऑक्टोबर २०२३ ला जे झालं ते झालं नसतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात त्या दिवशी माजलगावात आमदारांचं घर पेटवलं, मग बीड शहरात पुढाऱ्यांची घरं, पक्षाची ऑफिसं, आणि रात्री संचारबंदी लागली. पोलीस होते पण जमावापुढं कमी पडले हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. बाकीचे अर्धे म्हणायले की बाबांनो, अशी गाडी दाराशी आली तर ती उद्या आपल्यावरच येईल.

विचारायचं कारण असं की आपल्याकडं पोलिसांच्या गाड्या बऱ्याच वेळा जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून घेतात, पालकमंत्री चाव्या देतात, पेपरात फोटो येतो. म्हणजे पैसा जिल्ह्याचाच. त्या पैशातून बुलेरो-स्कॉर्पिओऐवजी चिलखती गाडी घ्यायची का? क्यूआरटीसाठी, म्हणजे पोलिसांच्या शीघ्र कृती पथकासाठी, जास्तीच्या असॉल्ट रायफली घ्यायच्या का? प्लास्टिक बुलेट, छर्ऱ्याच्या बंदुका ठाण्याच्या पातळीवर ठेवायच्या का? माझं मत अजून पक्कं झालेलं नाही म्हणून मोकळेपणी विचारायलोय. ज्यांच्या घरात पोलीस आहेत त्यांनी तर नक्की लिहा.

खाकीतलं घर

दादा, माझे मिस्टर जिल्ह्याच्या दंगा काबू पथकात आहेत, जिल्हा सांगत नाही. तुम्ही चिलखती गाडीचं विचारलंय पण मी आधी हेल्मेटचं सांगते.

ह्यांचं हेल्मेट घरी आलं होतं एकदा, पट्टा तुटला म्हणून. मी हातात घेऊन बघितलं. वरचं फायबर ठीक आहे, पण समोरची काच एवढी ओरखडलेली की तिच्यातून रात्री लाईटकडं बघितलं तर नुसता पांढरा डाग दिसतो. मग हे लोक काय करतात, काच वर करून ठेवतात. आणि दगड नेमका तोंडावरच येतो. हनुवटीचा पट्टा मी बॅगेचं बक्कल लावून शिवून दिला. बॉडी प्रोटेक्टर एका मापाचे येतात, हे उंच, त्यामुळं मांडीचा भाग उघडा राहतो आणि बुटक्या पोराला तेच गुडघ्याखाली लोंबतं, त्याला पळताच येत नाही. लेडीज पोलिसांना तर अंगाला बसंल असलं प्रोटेक्टर मी अजून बघितलेलं नाही.

आणि बंदोबस्त म्हणजे काय, तर सकाळी सहाला घरून निघायचं, मोर्चा दुपारी, पांगापांग रात्री, जेवणाचं पाकीट कधी येतं कधी येत नाही, पिंजरा गाडीत बसून राहायचं आणि त्या गाडीच्या खिडकीची जाळी एका बाजूनं उचकटलेली. दगडफेक सुरू झाली की गाडीत बसलेला माणूस जास्त अडकतो म्हणून हे सगळे खाली उतरतात. तेव्हा मला विचारलं तर गाडीला चांगली जाळी, फुटणार नाही अशी काच, पंक्चर झालं तरी थोडं पळंल असलं टायर एवढं पाहिजेच पाहिजे. ह्याला कुणी मिलिटरी म्हणत असंल तर म्हणू द्या. पण कोटभराची चिलखती गाडी आणायची आणि पोरांच्या तोंडावर ओरखडलेली काच ठेवायची, हे मला पटणार नाही. माणूस वाचवायचा असंल तर आधी अंगावरचं बघा.

क्रांतीचौक

मी सरळ होय म्हणणारा आहे, पाहिजेत. २६/११ विसरलात का सगळे? सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात काठ्या आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली, समोर एके-४७. करकरे, कामटे, साळसकर हे तीन मोठे अधिकारी कामा हॉस्पिटलच्या गल्लीत साध्या क्वालिसमधी होते, गोळ्या आरपार. तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीला काठी घेऊन एके-४७ ची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःवर घेतल्या, आपण त्यांना वंदन करतो, पण एखाद्या शिपायाला असं मरावं लागतं ह्याची लाज कुणाला तरी वाटली पाहिजे का नाही? त्यानंतरच मुंबईला बुलेटप्रूफ मार्क्समन गाड्या आल्या, फोर्स वन हे कमांडो पथक उभं राहिलं. म्हणजे आधी माणसं गमवायची आणि मग सामान घ्यायचं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात २०२३ च्या मार्चमधी किराडपुऱ्यात रामनवमीच्या आदल्या रात्री काय झालं? पोलिसांच्याच गाड्या जाळल्या. नांदेडला २०२१ ला होळीच्या वेळी बॅरिकेड तोडून जमाव आला, तलवारी होत्या, पोलीस जखमी झाले. हे काय मुंबईत झालं का? मराठवाडा शांत आहे, इथं कशाला, हे म्हणणं आता सोडा. एसपीकडं दोन गाड्या अशा असल्या पाहिजेत की त्यात बसून गोळीबारातून जखमी माणूस बाहेर काढता येईल. त्यात वाईट काय आहे?

अंबडकर

क्रांतीचौक भाऊ, तुमचा राग समजतो. पण मी अंतरवाली सराटीच्या जवळचा माणूस आहे, माझं ऐका.

१ सप्टेंबर २०२३ ला तिथं मराठा आरक्षणासाठी उपोषण चालू होतं. मंडपात बाया होत्या, म्हातारी माणसं होती, लेकरं होती. लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला, छर्ऱ्यानं जखमी झालेली माणसं दवाखान्यात आम्ही बघितलीत. पोलीसही जखमी झाले, लेडीज पोलीस पण होत्या त्यात, ते मी नाकारत नाही. कुणी आधी काय केलं ह्याच्यावर मी इथं भांडणार नाही. चार दिवसांत गृहमंत्र्यांना माफी मागावी लागली, एसपींना सक्तीच्या रजेवर पाठवलं. पण त्याच्या आधी जिल्ह्याजिल्ह्यात एसट्या जळल्या, बंद झाले. एका दुपारच्या बळाच्या वापरानं अख्खा मराठवाडा पेटला.

आता मला सांगा, त्या दुपारी तिथं सामान कमी होतं का? सामान होतं. कमी काय होतं तर उलीसं थांबायची तयारी, गावातल्या चार जाणत्यांना मधी घेऊन बोलायचं डोकं. त्या दिवशी मंडपासमोर चिलखती गाडी उभी असती तर जमाव भिऊन पळाला असता असं ज्याला वाटतं त्यानं आमच्या गावाकडची माणसं बघितलेली नाहीत. उलट आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून अजून लोक आले असते. माणूस घाबरला की पळतो आणि अपमान झाला की परत येतो, सोबत दहा जणांना घेऊन.

क्रांतीचौक

म्हणजे पोलिसांनी मार खायचा का?

अंबडकर

नाही ना भाऊ. वरच्या ताईंनी जे सांगितलं, हेल्मेट, प्रोटेक्टर, जाळी, त्याला माझा शंभर टक्के पाठिंबा, उद्या डीपीसीत, म्हणजे जिल्हा नियोजन समितीत, ठराव आला तर मी सह्या गोळा करतो. पण मार चुकवायचं सामान वेगळं आणि मारायचं सामान वेगळं.

नांदेड_ते_ओहायो

मी नांदेडचा, बरीच वर्षं इकडं अमेरिकेत आहे. माजलगावकरांनी फोटो टाकला म्हणून इकडची खरी गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडं ह्याबद्दल अर्धवट माहिती फिरते.

ह्या योजनेचं नाव १०३३. संरक्षण खात्याच्या कायद्यातलं ते कलम, १९९७ च्या वर्षासाठीच्या कायद्यातून आलं. सैन्याचं जास्तीचं सामान राज्यांच्या आणि गावांच्या पोलिसांना द्यायचं. सामान फुकट पण आणायचा खर्च, डिझेल, दुरुस्ती सगळं घेणाऱ्याचं. सात अब्ज डॉलरच्या वर मूळ किमतीचं सामान आजपर्यंत गेलंय, त्यातलं बरंच म्हणजे कपडे, जनरेटर, फर्निचर असलं साधं, पण त्यातच रायफली आणि एमरॅप. शिवाय ९/११ नंतर होमलँड सिक्युरिटीच्या, म्हणजे तिथल्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या, अनुदानातून पोलिसांनी स्वतः विकत घेतलेलं वेगळं.

तशी हत्यारं लागली नाहीत असं मी म्हणणार नाही. १९९७ ला लॉस एंजेलिसमध्ये नॉर्थ हॉलिवूडला बँक लुटायला दोघं आले, अंगभर चिलखत, ऑटोमॅटिक रायफली, आणि पोलिसांच्या पिस्तुलाच्या गोळ्या त्यांना लागूनही काही होईना. पोलिसांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणल्या आणि जखमी लोकांना काढायला बँकेची पैसे न्यायची चिलखती गाडी वापरली. क्रांतीचौक भाऊ म्हणतात ती गरज खरी आहे.

पण मग २०१४ चा ऑगस्ट. मिसुरी राज्यात फर्ग्युसनला मायकल ब्राऊन नावाच्या १८ वर्षांच्या काळ्या पोराला पोलिसानं गोळी घातली, लोक रस्त्यावर आले, तर समोर चिलखती गाडी आणि तिच्या छतावर बसून एक जण रायफलच्या दुर्बिणीतून दिवसाढवळ्या मोर्चातल्या लोकांवर नेम धरतोय. तो फोटो देशभर गेला. लोक शांत झाले का, तर नाही, आंदोलन वाढतच गेलं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात डेव्हिस नावाच्या कॉलेजच्या गावात, लोकसंख्या साठ-पासष्ट हजार, नगर कौन्सिलनं ठराव करून मिळालेली एमरॅप परत द्यायला लावली. सॅन दिएगोच्या शाळांच्या पोलिसांनीसुद्धा एक घेतली होती, शाळांच्या हो, ती पण परत केली. ओबामांनी २०१५ ला पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्या, ग्रेनेड लाँचर, संगिनी असल्या वस्तू द्यायला बंदी घातली, ट्रम्पनी २०१७ ला ती काढली, बायडननी २०२२ ला परत निर्बंध आणले, ट्रम्पनी आल्या आल्या तो आदेशही रद्द केला. म्हणजे आज हो, उद्या नाही, आणि गावातल्या माणसाला कुणी विचारत नाही, डेव्हिससारखं गाव सोडलं तर.

आणि शेवटी उवाल्डी. टेक्सासच. २४ मे २०२२, शाळेत एक बंदूकधारी शिरला, १९ लेकरं आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथं वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ पोलीस आले होते. रायफली होत्या, ढाली होत्या. आणि ७७ मिनिटं ते बाहेर थांबले. मला दोन लेकरं आहेत, शाळेत जातात, हे लिहितानाही हात थांबतो. हत्यार असून उपयोग झाला नाही कारण हुकूम द्यायची जबाबदारी कुणी घेतलीच नाही.

एक अभ्यासाचंही सांगतो. २०१७ ला दोन अभ्यास आले की असं सामान दिलं की गुन्हे कमी होतात. नंतर दुसऱ्या लोकांनी आकडे नीट तपासले तर त्यातली सामानाची नोंदच कच्ची निघाली आणि तो फायदा दिसेना. प्रिन्स्टनचे जोनाथन मुम्मोलो यांनी २०१८ ला दाखवलं की असली सशस्त्र पथकं वाढवून ना गुन्हे कमी झाले ना पोलिसांचा जीव जास्त सुरक्षित झाला, लोकांच्या मनातली पोलिसांची पत मात्र घसरू शकते.

हिंगोली_एसआरपी_निवृत्त

नमस्कार. मी राज्य राखीव दलातून निवृत्त, गट १२ हिंगोली. गडचिरोलीला बंदोबस्तावर राहिलेलो आहे, त्यामुळं चिलखती गाडी म्हणजे काय हे मला आतून माहीत आहे.

एमपीव्ही म्हणतात आपल्याकडं, सुरुंगरोधक गाडी. आत बसलं की बाहेरचं जवळपास काही दिसत नाही, खिडकी तळहाताएवढी, उन्हाळ्यात आत भट्टी. पहिल्यांदा बसल्यावर वाटतं आता आपल्याला काही होत नाही. तोच धोका. छत्तीसगडात बिजापूर भागात २००५ ला नक्षल्यांनी अशाच गाडीखाली एवढी स्फोटकं लावली की आतले चोवीस जवान गेले. गाडी जेवढी जड तेवढी स्फोटकं वाढवली, बस. म्हणून जंगलात शहाणा अधिकारी पायी चालतो. सी-६० चं, म्हणजे गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचं, बळ गाडीत नव्हतं, ते त्या भागातली पोरं, गोंडी-माडिया बोलणारी, जंगल पायाखालचं असलेली, ह्यात होतं.

पण उलट बाजू पण ऐका. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन, कुरखेड्याजवळ जांभुळखेडा. आदल्या रात्री नक्षल्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली, तिकडं जायला निघालेल्या पथकातले १५ पोलीस आणि गाडीचा ड्रायव्हर स्फोटात गेले. खासगी गाडी होती ती. तिथं गाडीचं, रस्ता तपासून मग पुढं जायच्या नियमाचं, सगळ्याचं महत्त्व होतं. तिथं कुणी म्हणालं की एमपीव्ही कशाला, तर मी त्याला हात जोडीन आणि गप बस म्हणीन.

आता मराठवाड्याचं. एमरॅप म्हणजे चौदा-पंधरा टनांपासून पुढं. आपली काळी माती. जुलै-ऑगस्टमधी वस्तीच्या रस्त्यानं ट्रॅक्टर रुततो तिथं ही गाडी नेऊन दाखवा. ओढ्यावरचे नळकांडी पूल बघा. आणि जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधी ती वळतच नाही, एकदा अडकली की जमावाला चहूबाजूनी सापडते, मग आतल्यांना काढायला अजून एक पथक पाठवा. दंगलीत कामाला येतं ते वेगळं. वज्र गाडी, तिच्यातून अश्रुधूर टाकता येतो, जाळी-काच मजबूत. वरुण, पाण्याचा मारा करणारी. ह्या गाड्या विभागात किती आहेत आणि फोन केल्यावर किती वेळात पोचतात हे विचारा. एसआरपीचं मराठवाड्यात जालन्याला गट ३ आहे, हिंगोलीला गट १२ आहे. कंपन्या सतत बाहेरच्या बंदोबस्तावर असतात, मुंबई, गडचिरोली, निवडणुका. जवळ गट असून जिल्ह्याला वेळेवर कंपनी मिळत नाही, हे दुखणं आहे. त्याला चिलखती गाडी हे औषध नाही.

क्रांतीचौक भाऊंचा एक मुद्दा मी मान्य करतो. रेंजला म्हणजे काही जिल्ह्यांच्या मिळून पोलीस परिक्षेत्राला म्हणा, आयुक्तालयाला म्हणा, दोन-चार बुलेटप्रूफ गाड्या असाव्यात, गोळीबारात जखमी काढायला. पण त्या तालुक्याच्या ठाण्यापुढं उभ्या करायच्या नाहीत आणि मोर्चाला आणायच्या नाहीत. कधी बाहेर काढायच्या हे आधी लिहून ठेवायचं.

खंडपीठ_वकील

एसआरपीवाले काका, "आधी लिहून ठेवायचं" हे तुम्ही बोललात म्हणून पुढं लिहितोय, माझ्या मते सगळा विषय तिथंच आहे.

कायद्यात पायऱ्या आहेत. जमाव पांगवायचा तर आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८, आधी सीआरपीसीचं म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२९. कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाणेदार आधी पांगा म्हणून सांगणार, नाही पांगले तर बळ. त्यानंही जमलं नाही तर १४९, सैन्याला बोलवायचं, आणि तो हुकूम जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी द्यायचा. पोलीस वेगळे आणि सैन्य वेगळं ही रेघ कायद्यानं ओढलीय. मराठवाड्यात रणगाडे येऊन गेलेत, १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून नळदुर्गला, आमचे आजोबा सांगायचे. रझाकारांच्या जाचातून सुटका झाली, पण ते सैन्य होतं आणि समोर निजामाची फौज होती. ठाण्यातला जमादार रोज त्याच गल्लीत राहणाऱ्या माणसांसमोर उभा राहतो, पंचनाम्याला त्यांनाच बोलवतो, चोर सापडायला त्यांचीच माहिती लागते. त्याला सैनिकासारखं वागायला शिकवलं तर त्याला माहिती देणार कोण?

दुसरं, ज्याचा विचार कुणी करत नाही. ठाण्यात जड हत्यारं ठेवली की ती सांभाळायला लागतात. मणिपूरमध्ये २०२३ ला जमावानं पोलिसांची शस्त्रागारं लुटली, हजारो हत्यारं गेली, त्यातली कितीतरी पुढं एकमेकांवरच चालली. तालुक्याच्या ठाण्यात रात्री किती माणसं असतात? त्यांच्या भरवशावर काय ठेवणार आहात?

तिसरं, हेल्मेट आणि बॉडी प्रोटेक्टर घातला की नावाची पट्टी झाकली जाते. आमच्याकडं मारहाणीच्या केसेस येतात, अशील सांगतो "हेल्मेटवाल्यानं मारलं", आता कोर्टात मी कोणाचं नाव घेऊ? व्हिडिओत सगळे सारखे दिसतात. म्हणून सामान घ्याच, पण प्रत्येक हेल्मेटवर मागं-पुढं मोठ्या अक्षरात नंबर, आणि त्या दिवशी तो नंबर कुणाच्या डोक्यावर होता ह्याची नोंद. ह्याला पैसे लागत नाहीत, रंगाचा डबा लागतो.

परभणीचं मुद्दाम लिहितो. डिसेंबर २०२४, संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसा झाली, धरपकड झाली आणि सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्या सगळ्यात चिलखती गाडी असती तर काय फरक पडला असता? काही नाही. सुप्रीम कोर्टानं २०२० च्या डिसेंबरमध्ये सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही पाहिजे. तुमच्या ठाण्यातला चालू आहे का, माहितीच्या अधिकारात विचारा. पोलिसांवर नवीन सामानाचा खर्च करायचाच असंल तर तो ह्याच्यावर व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे.

खाकीतलं घर

वकील साहेब, नंबरचं मला पटलं, आणि हे माझ्या मिस्टरांना वाचून दाखवलं तर ते पण हो म्हणाले. त्यांचं म्हणणं की चार जण मारतात आणि चौकशी चाळीस जणांची लागते, नंबर असला तर ज्यानं हात उचलला नाही तो सुटतो. बीडला आता नावाच्या पट्टीवर आडनाव नाही, नुसतं नाव असतं, जातीवरून लोक पोलिसाला तोलतात म्हणून. चांगलंच केलं ते. पण बंदोबस्तात ती पट्टी दिसतच नाही, तिथं नंबरच पाहिजे.

फक्त एक विनंती, पोलिसांवर बोलताना त्यांच्या घराचा पण विचार करा. टीव्हीवर दगडफेक दाखवायला लागले की मी टीव्ही बंद करते, सासूबाई देवापुढं बसतात आणि लहानगा विचारतो पप्पांनी टोपी घातलीय ना. रात्री फोन लागत नाही, कारण जॅमर किंवा इंटरनेट बंद. ह्या घरांना रणगाडा नकोय.

क्रांतीचौक

ताई, तुमच्यासाठीच तर भांडायलोय मी. ठीक आहे, तालुक्याला नको, हे एसआरपीवाल्या काकांचं ऐकून पटलं, काळ्या मातीचं तर अगदीच. पण आयुक्तालयाला आणि रेंजला बुलेटप्रूफ गाडी पाहिजेच ह्यावर मी ठाम आहे. आपल्याकडं गावठी कट्टे केवढे वाढलेत. आणि बीडमध्ये तर डिसेंबर २०२४ मधी मस्साजोगच्या सरपंचांचा, संतोष देशमुखांचा खून झाल्यावर कळलं की परवान्याचीच हत्यारं बाराशेच्या वर आहेत. हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ लोक स्वतः टाकायचे. उद्या पोलीस आरोपी धरायला गेले आणि आतून गोळी आली तर?

खंडपीठ_वकील

तुम्हीच उत्तर दिलंत भाऊ. ते बाराशे परवाने द्यायच्या आधी चौकशी कुणी केली होती? नंतर शेकडो परवाने रद्द झाले ना. लोकांच्या कमरेची पिस्तुलं काढली की पोलिसाला लागणारं चिलखत तेवढंच हलकं होतं. हे काम एसपी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीनं होतं, त्याला कोट्यवधी लागत नाहीत. पण धरपकडीला जाणाऱ्या पथकाला गोळी अडवणारी जॅकेटं आणि ढाली असाव्यात ह्यावर माझा वाद नाही, त्या रेंजच्या दोन गाड्यांवरही नाही. फक्त त्या कधी, कुणाच्या हुकमानं निघाल्या ह्याची नोंद लोकांना मागता आली पाहिजे.

नांदेड_ते_ओहायो

डेव्हिससारखं करा ना मग. तिथं लोक कौन्सिलच्या मीटिंगला जाऊन बोलले म्हणून ती गाडी परत गेली. आपल्याकडं खरेदी झाल्यावर फोटोत कळतं. खरेदीच्या आधी कळलं पाहिजे.

अंबडकर

हे मात्र जमण्यासारखं आहे. डीपीसीत आपले झेडपी आणि नगरपालिकेतून निवडून गेलेले सदस्य असतात, आमदार-खासदार असतात. पोलीस विभागाचा प्रस्ताव काय आहे हे त्यांच्याकडं मागायचं, नाही दिला तर माहिती अधिकार टाकायचा. मी जालन्याचा टाकतो, ज्यांनी त्यांनी आपापल्या जिल्ह्याचा टाका.

माजलगावकर

सगळ्यांचे आभार, एवढं मनापासून लिहिलंत. माझं मत आता झालंय. तालुक्याला, जिल्ह्याला चिलखती गाडी नको, छर्ऱ्याच्या बंदुका ठाण्यात नको. ३० ऑक्टोबरला आमच्या गावात माणसं कमी होती आणि मदत उशिरा आली, हे दुखणं खरं होतं आणि त्याला उत्तर एसआरपीची कंपनी जवळ असणं हेच आहे.

आमच्या भागातल्या डीपीसी सदस्याला मी निवेदन देणार आहे. त्यात लिहायला घेतलंय: मापाप्रमाणं बॉडी प्रोटेक्टर, लेडीज पोलिसांचे वेगळे, हेल्मेटच्या काचा दर वर्षी बदलायच्या, हेल्मेटवर नंबर, पिंजरा गाड्यांच्या जाळ्या आणि काचा, ठाण्यातले सीसीटीव्ही चालू आहेत का ह्याचा अहवाल. ताई, तुमच्या मिस्टरांना विचारून अजून काय घालायचं ते सांगा, नाव कुठंच येणार नाही.

खाकीतलं घर

विचारलं. ते म्हणाले बूट लिहा. दंगलीत रस्त्यावर काचा असतात आणि आत्ताच्या बुटाच्या तळव्यातून त्या पायात जातात. आणि बंदोबस्ताच्या ठिकाणी लेडीज पोलिसांसाठी फिरतं टॉयलेट, हे मी माझ्याकडून घालते, त्यांच्या पथकातल्या पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत.